तीन सपाट दिवस

अगं मुली,

किलीमांजारोविषयीचा तुझा मेसेज परवा रात्री साडेअकराला आला. मी जागाच होतो, पण उत्तर मुद्दाम दिलं नाही. दोन ओळींत उरकायची ही गोष्ट नव्हे, आणि खरं सांगायचं तर तुझ्या एका वाक्याचा मला राग आला होता. ‘काका, नऊ दिवस चाला नाहीतर पाच, शिखर तर तेच ना?’ हेच वाक्य मी २००९ साली एका मित्राला ऐकवलं होतं. शब्दसुद्धा जवळजवळ हेच. त्याचं काय झालं ते सांगतो पुढे.

तू विचारलंस ‘कुठला रूट घेऊ’. मेसेज तीनदा वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की तुझं मन केव्हाच त्या लांबच्या उत्तरेकडच्या वाटेवर जाऊन बसलंय. तुझ्या ग्रुपने मरांगूच्या वाटेचं पाच दिवसांचं पॅकेज ठरवलंय, त्यांना नाही कसं म्हणायचं, हा तुझा खरा घोळ. आणि कुणीतरी मोठ्या माणसाने ‘जा’ म्हणायला हवंय. जा. झालं. दिवस कापू नकोस. आता का, ते ऐक.

कात्रज ते सिंहगड तू सगळ्यांच्या आधी पोचतेस. कळसूबाईला मी अर्ध्यात शिडीपाशी धापा टाकत असतो तेव्हा तू वरून हात करतेस. तुझी तब्येत अशी ठणठणीत आहे, याचीच मला काळजी वाटते. सह्याद्रीत दमलेला माणूस थांबतो. न दमलेला माणूस किलीमांजारोवर थांबत नाही आणि तिथेच फसतो. विरळ हवेची सवय मांड्यांना होत नसते, ती रक्ताला आणि मूत्रपिंडांना व्हावी लागते. वर गेलं की श्वास वाढतो, श्वास वाढला की रक्तातलं आम्ल-अल्कलीचं गणित बिघडतं, आणि जास्तीचा क्षार लघवीवाटे बाहेर टाकून ते पुन्हा जुळवायला शरीराला दिवस लागतात. दिवस, कळलं? जिम नाही, प्रोटीनचे डबे नाहीत. मॅरेथॉनवाल्यालाही तेवढेच लागतात आणि माझ्यासारख्या पोट सुटलेल्यालाही तेवढेच.

डोंगरांचे डॉक्टर सांगतात की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. आता तुझ्या मित्रांचं पॅकेज काढ. पहिली रात्र मंदारा, २,७२० मीटर. दुसरी होरोम्बो, ३,७२०. तिसरी किबो हट, ४,७२०. रोज हजार मीटर! आणि त्याच मध्यरात्री उठून ५,८९५ मीटरच्या शिखराकडे निघायचं, जिथे हवेतला प्राणवायू आपल्या समुद्रकाठच्या निम्म्यावर आलेला असतो. ह्याला ते ‘सोपा रूट’ म्हणतात, कारण झोपायला खाटा आहेत. ‘कोकाकोला रूट’ म्हणतात त्याला. मीही त्या खाटांनाच भुललो होतो.

तर २००९. मी आणि माझा एक मित्र. त्याचं नाव सांगत नाही, तू ओळखतेस. पॅकेज ठरवताना तो म्हणाला, होरोम्बोला एक रात्र जास्त राहू, तशी सोय असते, झेब्रा रॉक्सपर्यंत चढून परत खाली झोपायला यायचं. मी मोडता घातला. एक रजा वाचेल, आणि माणशी शंभर-दीडशे डॉलर वाचतील. ‘शिखर तर तेच ना?’ असं म्हणालो.

होरोम्बोलाच माझं डोकं ठणकायला लागलं होतं. मी गाईडला सांगितलं नाही, क्रोसिन घेऊन गप्प पडलो. त्याने विचारलं तेव्हा ‘फर्स्ट क्लास’ म्हणालो. किबो हटला मित्राचं बोलणं बदललं. आधी खोकला, मग दहाच्या सुमाराला तो मला विचारायला लागला की गाडी किती वाजता आहे. कुठली गाडी? त्याला उतरवायचं ठरलं. तिथे एकचाकी स्ट्रेचर असतं, लोखंडी, मध्ये एकच चाक, पुढेमागे माणसं धरून पळवतात. त्यावर त्याला बांधलं आणि अंधारात खाली नेलं. दगडांवरून जाणाऱ्या त्या चाकाचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता.

आणि मी? मी वर गेलो.

सहाय्यक गाईड त्याच्याबरोबर होता. मुख्य गाईड म्हणाला की तुम्ही खाली जाऊन तिथे काही करू शकणार नाही. ते खरंच होतं. मी डॉक्टर नव्हे. होरोम्बोला पोचल्यावर तो दोन तासांत माणसात आला, म्हणजे मी सोबत असतो तरी तेच झालं असतं. हे सगळं मी गेली कित्येक वर्षं स्वतःला सांगतोय, आता तुला सांगतोय, आणि लिहिताना दिसतंय की ते अजूनही पटत नाही.

तो खाली, मी वर. हान्स मेयरच्या गुहेपाशी ओकलो. गाईडने पाठीवर हात ठेवून ‘पोले’ म्हटलं. स्वाहिलीत एकदा ‘पोले’ म्हटलं की ‘वाईट वाटतं हं’, आणि दोनदा म्हटलं की ‘हळू’. डोंगरावर दिवसभर दुसरं ऐकायला मिळतं, मला पहिलं मिळालं. गिलमन्स पॉइंटला, ५,६८५ मीटरवर, विवराच्या कडेला पोचलो आणि बसलो तो बसलोच. उहुरूची, म्हणजे शिखराची, पाटी अजून दीड-दोन तास लांब होती. उंचीने जेमतेम दोनशे दहा मीटर. उठता आलं नाही.

गिलमन्सपर्यंत पोचणाऱ्यालाही तिथल्या राष्ट्रीय उद्यानाकडून प्रमाणपत्र मिळतं. त्यावर ‘गिलमन्स पॉइंट’ असं स्वच्छ छापलेलं असतं. इकडे कुणी वाचलं नाही, मीही वाचून दाखवलं नाही. आमच्या सोसायटीच्या गणपतीत शाल-श्रीफळ झालं, फलकावर ‘किलीमांजारो सर करणारे’ असं माझं नाव. मित्र तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. एक दिवस आणि शंभर डॉलर वाचवून मी एवढं कमावलं. तो आजही घरी येतो, चहा घेतो. डोंगराविषयी बोलत नाही.

म्हणून म्हणतो, दिवस कापू नकोस.

२०२२ साली पुन्हा गेलो, नॉर्दर्न सर्किटने, म्हणजे तुझ्या त्या उत्तरेकडच्या नऊ दिवसांच्या वाटेने. बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच आठवड्यात निघालं. मुलाने नेलं तिला. तिनेच सांगितलं मला ‘जाऊन या एकदाचे’. तिनेच सांगितलं. तू काकूला विचार हवं तर. नको, विचारू नकोस.

ती वाट पश्चिमेकडून, लोन्दोरोसीच्या बाजूने चढते. पहिली रात्र जंगलात, म्ती म्कुब्वाला, म्हणजे ‘मोठं झाड’. काळी-पांढरी कोलोबस माकडं, खांद्यावर शाल टाकल्यासारखी. मग शिराचं पठार, दोन मुक्काम, आणि चौथ्या दिवशी लाव्हा टॉवर, ४,६०० मीटर. इथपर्यंत गर्दी असते. इथे जेवण झालं आणि सगळी फौज बरांकोच्या मुक्कामाकडे उतरली. आम्ही आठ-दहा माणसं उत्तरेला वळलो. पाच मिनिटांत आवाज थांबले. एकाच्या खिशातला रेडिओ तेवढा पुटपुटत होता, तोही दरीपलीकडे गेल्यावर बंद.

आता तुझ्या मित्राची तक्रार, की उत्तरेकडे तीन दिवस उंची वाढतच नाही, मग पैसे कशाचे द्यायचे? बरोबर आहे त्याचं. मोइर हट साधारण ४,२००, दुसऱ्या रात्री पोफू कॅम्प ४,०००, तिसऱ्या रात्री थर्ड केव्ह ३,९००. वाढायची सोडून उतरते! मोइरला माझं ऑक्सिमीटर ८२ दाखवत होतं, थर्ड केव्हला ८८. तेवढ्यासाठीच पैसे द्यायचे, बाई. ते तीन सपाट दिवस फुकट गेल्यासारखे वाटतात आणि आतमध्ये रात्रंदिवस काम चालू असतं. लोणचं मुरायला ठेवल्यावर रोज बरणी उघडून ‘काही झालं का’ बघतेस का?

आणि कंटाळा? हो, येतो. उत्तरेचा उतार पर्जन्यछायेत, कोरडा. खडी, राख, मध्ये मध्ये कागदासारखी कुरकुरीत पांढरी फुलं. ओढ्यांच्या खाचा उतरायच्या, चढायच्या, पुन्हा उतरायच्या. मी सगळा वेळ बघत काय होतो सांगू? गाईडच्या डाव्या बुटाची टाच. ती उसवली होती आणि निळ्या नायलॉनच्या दोऱ्याने सात टाके घातले होते. टाच टेकायची, क्षणभर थांबायची, मग उचलायची. दुसऱ्या दिवशी माझा श्वास आपोआप त्या टाक्यांवर बसला. तुला हे हास्यास्पद वाटेल. पण त्या चालीने मी अठ्ठावन्नाव्या वर्षी जिथे गेलो तिथे तरुण मांड्या मला घेऊन गेल्या नव्हत्या.

पोफूला रात्री लघवीला उठलो. विरळ हवेसाठी घेतात त्या डायमॉक्सच्या गोळीने ते होतंच. (गोळी डॉक्टरांना विचारूनच, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर तसं आधी सांग.) तंबूची चेन उघडली तर खाली ढग नव्हते. केनियाचं मैदान पसरलेलं, अंबोसेलीच्या बाजूला काळंभोर, आणि लांबवर दिव्यांचे दोन-तीन ठिपके. एवढ्या मोठ्या डोंगराच्या ह्या अख्ख्या बाजूला जागं माणूस बहुधा मीच. थंडीने बोटं वाकत नव्हती तरी तसाच उभा राहिलो. सकाळी मानेवर पांढरा पट्टा असलेला एक कावळा माझ्या सॅकची चेन चोचीने ओढत होता, आणि आचाऱ्याने उजी आणली, पातळ, कोमट. आपली आंबीलच ती. चपातीला ते चपातीच म्हणतात, चहाला चाय, गाडीला गारी. परक्या मुलखात असं कानावर पडलं की बरं वाटतं.

पैशांचं म्हणशील तर दर जादा दिवसाला उद्यानाचीच फी शंभर डॉलरच्या वर जाते, हे मला माहीत आहे. तू दाखवलेलं ते चाळीस हजारांचं जॅकेट नको घेऊस. तिथल्या मोशी गावात भाड्याने मिळतात. सामानात कपात कर, दिवसांत नको. कपड्यांना प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळायची आपली सवय सोड, टांझानियात २०१९ पासून बंदी आहे. आणि हमालांचं ओझं गेटवर वजन करतात, वीस किलोची मर्यादा आहे. तिथे कुणी काही ‘ॲडजस्ट’ करायला लागलं तर तू तोंड उघडायचं. लाजायचं नाही. डोकं दुखलं तर गाईडला त्याच मिनिटाला सांगायचं, तिथेही लाजायचं नाही. हे मी कुणामुळे सांगतोय ते तुला कळलंय.

सातव्या रात्री स्कूल हटच्या मुक्कामावरून निघालो. आमची वाट मरांगूच्या वाटेला हान्स मेयरच्या गुहेपाशी मिळते. तिथे अचानक दिव्यांची रांग, धापा, कुणी रडतंय, कुणी ओकतंय. तरणीताठी पोरं होती, तिसऱ्या-चौथ्या रात्रीची. आम्ही त्यांच्या बाजूने टाचेमागे टाच करत वर गेलो. कुणाला मागे टाकल्याचा आनंद झाला का? झाला थोडा. खोटं कशाला बोलू?

गिलमन्सला पाटी नवी होती, दगड तेच. मी ज्यावर बसलो होतो तो दगड शोधला, सापडला असं वाटलं, हात लावला. गाईड म्हणाला, इथे नको, चला. स्टेला पॉइंटच्या पुढे उजाडलं. डावीकडे हिमनद्यांच्या भिंती होत्या, १९१२ सालापासून चार पंचमांशांहून जास्त वितळून गेल्यानंतर जे उरलंय ते. उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. पाटीपाशी मी तीन मिनिटं होतो. मित्राला फोन लावावा असं वाटलं. नाही लावला. काय बोलणार?

शिखर तर तेच ना, असं तू विचारलंस. पाटी तीच असते, एवढं मी मान्य करतो.

उतरताना म्वेका गेट लागतं, साधारण १,६४० मीटर. आपली कळसूबाई १,६४६. म्हणजे त्यांचा डोंगर जिथे संपतो तिथे आपलं महाराष्ट्राचं सर्वांत उंच टोक. गुडघे दुखत असताना ते आठवून हसू आलं.

मित्रांना तूच सांगायचं, मी फोन करणार नाही. ते पाच दिवसांनी उतरतील, जातील झांझिबारला समुद्रात डुंबायला, त्यांच्याशी भांडू नकोस. पण त्यातल्या एकालाही ‘चल ना, तेच तर शिखर’ म्हणून ओढू नकोस आणि स्वतःला ओढू देऊ नकोस. जूनअखेर ते ऑक्टोबर कोरडं असतं, रजेचा अर्ज उद्याच टाक. बारा दिवसांचा. नाही मिळाली तर पुढच्या वर्षी जा, पण नऊचे सात करून मला फोन करू नकोस.

रविवारी सकाळी ये घरी. काकू थालीपीठ करणार आहे. बुटांवर चढवायचे माझे गेटर घेऊन जा. उजव्याचं ठीक आहे, डाव्याची चेन अडकते, तिच्यावर मेणबत्ती घासावी लागते.

तुझा,
काका