पुण्यात सुका कचरा देताना कागद, काच, प्लास्टिक वेगवेगळं करावं लागतं का?

नाही, सगळा सुका कचरा एकाच पिशवीत दिला तरी चालतो; फक्त त्याला ओलं लागू देऊ नका. आमच्या सोसायटीचं कचऱ्याचं काम मी बघतो. ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था 2008 पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलते. पुढची वर्गवारी कचरावेचक ताईच करतात आणि भंगार विकून येणारे पैसे त्यांचेच. आमटी सांडलेल्या पुठ्ठ्याला कोण भाव देणार? दुधाची पिशवी विसळून द्या, कोपरा कापून टाकू नका, तो तुकडा हमखास हरवतो. मात्र फुटकी काच आणि सॅनिटरी पॅड यात नकोत: कागदात गुंडाळून, पॅडच्या पुडीवर लाल ठिपका काढून वेगळे द्या.