खोल जायचंय म्हणून रेग्युलेटरचा दाब वाढवू नकोस

भावा, बेळगावातून नेत्राणी बेटावर डायव्हिंगला जाता जाता टेक्निकल डायव्हिंगचं (हौशी मर्यादेपलीकडच्या डायव्हिंगचं) वेड लागलं, छान झालं! पण रेग्युलेटरचा, म्हणजे टाकीतली हवा श्वासाजोगी करून देणाऱ्या यंत्राचा, दाब वाढवायला स्क्रू पिळायची घाई नको. त्याची फर्स्ट स्टेज (टाकीवर बसणारा भाग) भोवतालच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार जास्त दाब स्वतःच राखते. दर १० मीटरला पाण्याचा दाब १ बार वाढला, की तीही तेवढा वाढवते. नवीन पोरं तरीही हा दाब वाढवून ठेवतात, मग सेकंड स्टेजमधून (तोंडात धरायच्या भागातून) हवा फसफसत सुटते.

सध्या एवढंच:
- इंटरमीडिएट प्रेशरचा, म्हणजे दोन स्टेजमधल्या याच दाबाचा, गेज घे. काटा स्थिरावण्याऐवजी चढतच राहिला तर सर्व्हिसला दे.
- सेकंड स्टेजची नॉब उडी मारताना आवळ, खोलवर श्वास जड वाटला तर सैल कर.

आतली जुळवणी प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला साधं ग्रीस अजिबात नको, आग लागते.