आधी पान उलटून बघ

नाशिक

प्रिय विद्यार्थिनीस, अनेक आशीर्वाद.

संशोधनाला हवेचं प्रदूषण आणि पिकं हाच विषय घ्यायचा म्हणतेस. घे. पण या विषयाला आपल्याकडे हक्काचं घर नाही. कृषीवाले म्हणतील हे पर्यावरणाचं, पर्यावरणवाले म्हणतील हे शेतीचं. दोन्हीकडे तू पाहुणीच.

प्रदूषण म्हटलं की आपल्या लोकांना एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची चिमणी आठवते. पिकांना सर्वांत जास्त छळणारा ओझोन मात्र कुठल्याच चिमणीतून निघत नाही. गाड्या-कारखान्यांतले नायट्रोजन ऑक्साइड आणि सेंद्रिय रसायनांच्या वाफा यांच्यापासून तो उन्हात तयार होतो. गंमत म्हणजे द्वारका चौकातल्या गर्दीत गाड्यांचाच नायट्रिक ऑक्साइड त्याला खाऊन टाकतो, आणि शहरावरून वारा जिकडे वाहतो तिकडच्या शिवारांत तो जास्त सापडतो. शहरातले आकडे निफाड-दिंडोरीला चिकटवू नकोस. मोजायचं तर शिवारात, आणि दुपारचं.

पण यंत्राआधी पान. द्राक्षाच्या पानावर एका प्रकारचे ठिपके ओझोनमुळे पडतात, हे कॅलिफोर्नियात १९५८ साली दाखवलं गेलं. जुन्या पानाच्या वरच्या बाजूला, शिरा सोडून, बारीक तपकिरी-जांभळे ठिपके. पान उलट. खाली पांढरी बुरशी असेल तर तो डाऊनी, म्हणजे केवडा रोग. मग कोळी कीड बघ, मॅग्नेशियमची कमतरता बघ, औषधाने पान भाजलंय का ते बघ. शेवटची फवारणी कधी, कशाची, हे बागायतदाराला तोंडपाठ असतं, विचार. एवढं वगळून जे उरेल तेही पुरावा नव्हे, नुसता संशय. पुराव्यासाठी काही झाडांना ईडीयू (ओझोनपासून झाडाला वाचवणारं रसायन) देऊन शेजारच्या तशाच झाडांशी तुलना करावी लागते. गव्हाचं तर आणखी अवघड: पानावर डाग नसतानाही उत्पादन घटू शकतं.

नेट-फेलोशिपचं तुला माहीतच आहे. शिकायला वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग, हवेच्या बाजूसाठी पुण्याची आयआयटीएम ही हवामानशास्त्र संस्था. आणि संख्याशास्त्राला टांग मारू नकोस, तुमच्या पिढीची ती खोडच आहे.

बागायतदार विचारणारच, "मॅडम, मग फवारू काय?" ईडीयूचं नाव पुढे करू नकोस, ते प्रयोगाचं साधन आहे, बागेचं औषध नाही. "आज फवारायला काही नाही" असं सरळ सांग. तो नाराज होईल, पण पुढच्या हंगामात बागेत पाय ठेवू देईल.

खरड छाटणीनंतरची पानं मेमध्ये पक्व झाली की ये. पिंपळगावच्या बाजूला दोन बागा दाखवते. भिंग आण.

तुझी,
मॅडम