वाचकांचे प्रश्न : जपानी गोष्टींची ऊब

प्रश्न : तोशिकाझु कावागुची यांची कॅफेवरची कादंबरी इंग्रजीतून वाचली. तेच नियम पुन:पुन्हा येतात आणि भूतकाळात जाऊनही काहीच बदलत नाही. लोकांना ती इतकी का आवडते? (सांगली)

ही गोष्ट आधी रंगमंचावर आली. जपानी पुस्तक २०१५चं, इंग्रजी अनुवाद २०१९चा. तळघरातलं कॅफे, दारावरची घंटा, जिच्यात बसून भूतकाळात जाता येतं ती ठरलेली एकच खुर्ची, हे सगळं नाटकाचं नेपथ्य आहे. चार प्रकरणांत चार वेगळी माणसं त्या खुर्चीत बसतात, म्हणून नियम दर वेळी नव्याने सांगावे लागतात. एका बैठकीत वाचलं की ते खटकतं. रोज एकच प्रकरण वाचून पाहा. वर्तमान बदलणार नाही, ही तर मूळ अटच आहे. बदलतं ते परत आलेल्या माणसाचं मन. मनाला असा आराम पडण्याला जपानीत ‘इयाशी’ म्हणतात.

प्रश्न : वाचनकट्ट्यासाठी अशा कादंबऱ्यांतले उतारे इंग्रजीवरून मराठीत करतो आहोत, पण संवाद कोरडे होतात. काय चुकतं? (डोंबिवली)

बहुतेक वेळा नाती आणि संबोधनं चुकतात. इंग्रजीतल्या एकाच सर्वनामात तू, तुम्ही, आपण सगळे बुडतात. म्हणून आधी कागदावर पात्रांची जोडी-जोडी मांडून कोण कोणाला काय म्हणेल ते ठरवा. कावागुचींच्या कादंबरीत स्मृतिभ्रंश झालेला फुसागी स्वतःच्या बायकोला, कोहताकेला, ओळखत नाही. तिथे त्याच्या तोंडी ‘तुम्ही’ घाला आणि ओळख असलेल्या काळात ‘तू’. मराठीत तेवढ्यानेच गलबलून येतं. नावापुढे लागणारं आदरार्थी ‘सान’ मात्र तसंच ठेवा. ‘जी’ लावलंत की हिंदी वास येतो.

सातोशी यागिसावांच्या, टोकियोतल्या जिंबोचो भागातल्या पुस्तकदुकानाच्या कादंबरीत इंग्रजी वाचून ‘काका’ लिहाल आणि फसाल. दुकान चालवणारा सातोरू हा नायिका ताकाकोच्या आईचा धाकटा भाऊ, म्हणजे मामा. जपानी ‘ओजी’ दोघांनाही चालतो, त्यामुळे उत्तर मजकुरातच शोधावं लागतं.

काही ठिकाणी तर मराठी इंग्रजीपेक्षा जवळची आहे. घरातून निघताना जपानी माणूस ‘इत्तेकिमासु’ म्हणतो. शब्दशः ‘जाऊन येतो’! इंग्रजीतला कोरडा निरोप तिथे उतरवू नका.

खाण्याच्या शब्दांत घाई नको. दुरियन सुकेगावांच्या कादंबरीतल्या दोरायाकीत, म्हणजे जपानी गोड पॅनकेकमध्ये, अझुकी या कडधान्याचं गोड सारण असतं. अझुकीला राजमा म्हणू नका. दाणा बराच लहान, चवळीच्या कुळातला. ‘पुरण’ जवळचं वाटतं, पण त्यात वेलची-जायफळ आणि पुरणयंत्र आपोआप येतात. चाळून मऊ केलेल्या ‘कोशिआन’ला ते एक वेळ शोभेल, दाणे राखलेल्या ‘त्सुबुआन’ला नाही. पहिल्या उल्लेखात ‘अझुकीचं गोड सारण’ लिहा, पुढे नुसतं ‘आन’ हे त्याचं जपानी नाव ठेवा.

प्रश्न : आईला, वय ६८, नुकत्याच झालेल्या दुःखातून सावरायला मांजराची गोष्ट द्यावी का? (पणजी)

हिरो अरिकावांची नाना नावाच्या मांजराची गोष्ट आत्ता नको. मुखपृष्ठ गोड आहे, पण कथा मृत्यूपर्यंत जाते. मिचिको आओयामांची ग्रंथालयाची कादंबरी द्या. पाच प्रकरणं, पाच माणसं. शेवटचा मासाओ ६५ वर्षांचा, नुकताच निवृत्त झालेला. त्याच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल.