पासपोर्ट माहेरच्या नावाचा, आधार-पॅन सासरच्या नावाचं. परदेशी जाता येईल का?

हो, खुशाल जा. इमिग्रेशनच्या खिडकीवर आधार-पॅन चालत नाही, पासपोर्ट चालतो. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा भारतात नाही, त्यामुळे माहेरच्या नावाचा पासपोर्ट मुदत संपेपर्यंत वैध असतो.

फक्त तिकीट आणि व्हिसा पासपोर्टवरच्याच नावाने हवेत. आपल्याकडे घोळ होतो तो मधल्या नावाचा. 'गिव्हन नेम'मध्ये वडिलांचं नाव असेल तर व्हिसाच्या अर्जातही तेच घाला. तिथे हौसेने नवऱ्याचं नाव नको. टर्मिनलच्या दारावरही आधार काढू नका, पासपोर्टच दाखवा.

तिकीट काढून झाल्यावर पासपोर्टवरचं नाव बदलायला तर मुळीच जाऊ नका. नवा पासपोर्ट म्हणजे नवा नंबर, जुना रद्द, आणि व्हिसा जुन्या नंबरावर! अमेरिकेचा व्हिसा जुन्या पासपोर्टात उरलेला असेल, तर नाव बदलल्यावर नवा व्हिसा घ्यावा असं तिथलं परराष्ट्र खातंच सुचवतं.

विवाह प्रमाणपत्राची प्रत मात्र हँडबॅगेत ठेवा. बहुधा कोणी मागणार नाही, पण नवऱ्याचं आडनाव वेगळं का, असं विचारलंच तर उपयोगी पडते.