उद्देशिका पाठ आहे, पण पावती मागायला भीती वाटते

प्रश्न : मॅडम, माझा मुलगा डोंबिवलीहून साऊथ मुंबईतल्या एका कॉलेजात जातो, एसवायबीकॉमला आहे. २६ नोव्हेंबरला सगळ्यांना हॉलमध्ये उभं करून संविधानाची उद्देशिका वाचायला लावली, फोटो काढले, अटेंडन्स घेतली. त्याच आठवड्यात ऑफिसमध्ये ॲक्टिव्हिटी फी म्हणून ५०० रुपये घेतले, पावती मागितली तर क्लार्क म्हणाला नंतर बघू. मी म्हटलं परत जाऊन माग, तर म्हणतो आई नको, इंटर्नलचे मार्क त्यांच्याच हातात आहेत. उद्देशिका त्याला पाठ आहे, पण पावती मागायला भीती वाटते. मग विद्यापीठ संविधान शिकवतं म्हणजे नक्की काय करतं? (एक आई, डोंबिवली)

उत्तर : ताई, आधी एक सांगते, मुलावर चिडू नका. त्याची भीती खरी आहे, मी इतकी वर्षं कॉलेजात शिकवलं, ही भीती मी रोज बघितलीय.

आणि तो हॉलमधला कार्यक्रमही मी फालतू म्हणणार नाही. १९४९ साली २६ नोव्हेंबरला संविधान स्वीकारलं गेलं, २०१५ पासून तो दिवस संविधान दिन म्हणून पाळतात, आणि ज्या मुलांच्या घरी हे पुस्तक कधी आलंच नाही त्यांनी एकदा मोठ्याने "आम्ही, भारताचे लोक" म्हणणं ही छोटी गोष्ट नाहीये. पण तिथेच थांबलं तर उपयोग नाही. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत मसुदा मांडताना सांगितलं होतं की संवैधानिक नीती, म्हणजे संविधानाला धरून वागण्याची वृत्ती, माणसात उपजत नसते, ती रुजवावी लागते. आता रुजवायची कुठे? घरी मोठी माणसं ठरवतात, शाळेत सर ठरवतात. अठराव्या वर्षी मुलगा कॉलेजात येतो, तेव्हा पहिल्यांदा स्वतःच्या नावाने फॉर्म भरतो, फी भरतो, हॉल तिकीट घेतो, रिझल्टची वाट बघतो. त्याच्यासाठी हेच पहिलं सरकार असतं हो. या सरकारच्या खिडकीवर प्रश्न विचारल्यावर त्याला नीट उत्तर मिळतं की हाकलून देतात, त्यावरून तो पुढे आयुष्यभर तलाठ्याच्या, पोलिसांच्या, वॉर्ड ऑफिसच्या खिडकीवर कसा उभा राहणार ते ठरतं. म्हणून माझ्या मते विद्यापीठाचं संविधानाचं खरं शिक्षण कॉलेजच्या ऑफिसमध्ये होतं, वर्गात त्याच्या नंतर.

वर्गाबद्दलही सांगते कारण तिथे आम्ही शिक्षकही कमी पडलोय. मी एफसी म्हणजे फाउंडेशन कोर्स शिकवायचे, त्यात संविधानाचं युनिट असायचं, आणि मुलं या विषयाला सगळ्यात शेवटचा नंबर द्यायची. एका वर्षी मूलभूत कर्तव्यांवर प्रोजेक्ट दिला. साठेक प्रोजेक्ट आले, सगळे स्पायरल बाईंडिंगचे, आणि तपासायला बसले तर एकामागून एक सगळ्यांत कर्तव्यं दहाच. अहो, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने दहा आली हे बरोबर, पण २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने अकरावं आलं, ६ ते १४ वयाच्या मुलाला शिक्षणाची संधी देण्याचं, पालकांसाठीचं. कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडची फाईलच जुनी होती. एकाने तर पहिल्या पानावरचं आधीच्या मुलाचं नावही बदललं नव्हतं. मला त्या दिवशी खूप वाईट वाटलं, मुलांपेक्षा स्वतःबद्दल जास्त, कारण मी प्रश्नच असा दिला होता ज्याचं उत्तर झेरॉक्सच्या दुकानात मिळतं.

मग मी सगळे परत केले, मार्क कोणाचे कापले नाहीत, आणि सांगितलं की एक अनुच्छेद निवडा, आपल्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवा आणि ते काय बोलतात ते लिहून आणा. वरळीच्या बीडीडी चाळीतला एक मुलगा होता, वर्गात कधी तोंड न उघडणारा, त्याने अनुच्छेद १५ घेतला. त्यात चक्क विहिरी, तलाव, स्नानघाट, दुकानं, हॉटेलं असे शब्द आहेत, की धर्म, जात, लिंग अशा कारणांवरून तिथे कोणालाही अडवायचं नाही. आजीने विचारलं, विहीर असं लिहिलंय? परत वाच. मग तिने त्याला गावच्या विहिरीवर तिची आई घागर घेऊन लांब कशी उभी राहायची, कोणी वरून पाणी ओतलं तरच कसं मिळायचं, ते पहिल्यांदाच सांगितलं. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ ला ओंजळीत घेतलं आणि २३ वर्षांनी तलाव हा शब्द देशाच्या कायद्यात आला, हे मी दरवर्षी शिकवायचे, पण ते वर्गाला कळलं त्या मुलाच्या अडीच पानांमुळे. हाताने लिहिलेली, खाडाखोड असलेली पानं. अशी कॉपी कोण करणार आणि कोणाची करणार?

मुंबई विद्यापीठाचं बोधवाक्य आहे शीलवृत्तफला विद्या, म्हणजे विद्येचं फळ शील आणि वागणूक. १८५७ चं विद्यापीठ आहे, वाक्य सुंदर आहे, ते फीच्या काउंटरपर्यंत पोचायला हवं.

आता पावतीचं. तोंडी मागू नका. प्राचार्यांच्या नावे दोन ओळींचा अर्ज, तारीख, रक्कम, कशासाठी घेतली ते लिहायचं, दोन कॉपी काढायच्या, एक ऑफिसला द्यायची आणि दुसरीवर शिक्का आणि इनवर्ड नंबर मारून पोच घ्यायची. एकट्याने जाऊ नये, चार-पाच मित्रांनी मिळून सही करावी म्हणजे मार्कांची भीतीही विभागली जाते. प्रॉस्पेक्टसमध्ये सांगितल्यापेक्षा जास्त पैसे मागणं ही यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या तक्रार निवारण नियमांत स्पष्ट तक्रार धरलीय, त्यासाठी विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते आणि तिचा निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. तुम्ही स्वतः जाऊ नका ताई, त्यालाच जाऊ दे, फक्त अर्ज लिहिताना शेजारी बसा.

प्रश्न : मला एका पेपरला अनपेक्षित कमी मार्क आलेत, उत्तरपत्रिका बघायचीय. घरचे म्हणतात विद्यापीठाशी पंगा घेऊ नको, नाव खराब होईल. (टीवायबीए, कुर्ला)

उत्तर : यात पंगा कसला आलाय. तपासलेली उत्तरपत्रिका बघणं हा तुझा हक्क आहे, सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सीबीएसईच्या केसमध्ये माहिती अधिकाराखाली तो मान्य केलाय. आधी विद्यापीठाची फोटोकॉपी आणि रिव्हॅल्युएशनची मुदत बघ, ती चुकवू नकोस कारण तो रस्ता सगळ्यात जवळचा. ते जमलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, उत्तर ३० दिवसांत यायला पाहिजे. आणि उत्तरपत्रिका हातात आल्यावर प्रामाणिकपणे बघ, कधीकधी तपासणाऱ्याची बेरीज चुकते आणि कधीकधी आपलं उत्तरच अपुरं असतं. घरच्यांना सांग, फोर्टमध्ये विद्यापीठाला लागूनच हायकोर्ट आहे, तिथे अनुच्छेद २२६ खाली विद्यापीठालाही जाब विचारता येतो, त्याने विचारणाऱ्याचं नाव खराब होत नाही.

प्रश्न : पीएचडीचा प्रबंध मराठीत लिहितोय. दोन प्रकरणांत बराच मजकूर इंग्रजी पुस्तकांतून भाषांतर करून घेतलाय, संदर्भ दिलेले नाहीत. कॉपी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये साम्य फक्त ६ टक्के आलं, गाईड म्हणतात चालतंय. मला झोप लागत नाही. (संशोधक, ठाणे)

उत्तर : झोप लागत नाही हे चांगलं लक्षण आहे, मी मनापासून म्हणतेय. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते, पण हे आकडे मशीनने पकडलेल्या साम्याचे आहेत. भाषांतर मशीनला दिसत नाही म्हणून ते तुमचं होत नाही, दुसऱ्याचा विचार त्याचं नाव न घेता वापरला की चोरीच. प्रबंध अजून सबमिट झालेला नाही ना, मग दोन प्रकरणं उघडा, प्रत्येक परिच्छेदाला मूळ पुस्तक आणि पान क्रमांक टाका, जिथे सलग उचललंय तिथे अवतरण चिन्हं द्या आणि भाषांतर माझं असं लिहा. पानं कमी वाटली तर वाटू द्या. गाईडना हे आधी ईमेलवर कळवा, फोनवर नको. महिनाभर जाईल, मुदतवाढ लागली तर आत्ताच अर्ज करून ठेवा.