पातेल्यावरचं नाव

प्रिय सई,

शनिवारी मेलबर्नच्या ग्रीक वस्तीतून, ओकलीहून, परत येताना तू गाडीत विचारलंस, "ग्रीक गोष्टीतल्या पेनेलपीचा नवरा वीस वर्षं नव्हता, तरी तिचं नाव तेच राहिलं. मग आजीचं लग्नाच्या दिवशीच का बदललं? तिला कुणी विचारलं होतं?" सिग्नल हिरवा झाला आणि मी सुटलो. खरं तर मला उत्तर येत नव्हतं.

आधी तुझ्या मैत्रिणीचं नाव, ते सोपं आहे. ग्रीक घरांत आजी-आजोबांचं नाव नातवंडांना देतात, म्हणून तिच्याकडे थोरली, म्हणजे आजी, पिनेलोपी (पेनेलपीच ती) आणि धाकटी, तुझी मैत्रीण, त्याच नावाची पोपी. आपल्याकडेही देतात, पण सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं कसं? मग त्या पोराला जन्मभर 'बाळ'! आपले बाळकाका सत्तरीतही बाळकाकाच आहेत.

ग्रीकमध्ये 'पेने' म्हणजे मागावरच्या धोट्यातलं सूत, त्यावरून हे नाव आलं असं काही जण म्हणतात. दुसरे म्हणतात 'पेनेलॉप्स' नावाच्या बदकावरून. लहानपणी समुद्रात टाकलेल्या तिला म्हणे बदकांनी वाचवलं. त्या नावाचं एक बदक हिवाळ्यात आपल्याकडच्या तलावांवरही येतं. मला मात्र सूतच पटतं. ग्रीक कवी होमरच्या गोष्टीत तिला १०८ जण मागणी घालतात आणि ती सांगते, सासऱ्याचं कफन विणून होऊ दे, मग बघू. दिवसा विणायची, रात्री उकलायची. तीन वर्षं! चौथ्या वर्षी एका दासीनं चहाडी केली.

आता आजी. लग्नात ताटात तांदूळ पसरून आजोबांनी अंगठीनं लिहिलं, 'सुशीला'. हे ते फार कौतुकानं सांगायचे. आम्हा पोरांनाही लग्नातला हा भाग आवडायचा. ताटाभोवती घुसून, नवीन काकूचं नाव उलट्या बाजूनं कोण आधी वाचतो याची शर्यत लागायची. जुन्या नावाचं काय झालं, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मी आठेक वर्षांचा असताना नंदूमामा पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आला. दारातूनच ओरडला, "यमेऽ!" आणि आईनं, म्हणजे तुझ्या आजीनं, स्वयंपाकघरातून ओ दिली. पण तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता, शाळेतल्या मुलीसारखा. ही यमी कोण, म्हणून मी भंडावलं, तेव्हा तिनं फळीवरचं पितळी पातेलं काढून दाखवलं. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, 'कु. यमुना'. लग्नात द्यायच्या भांड्यांवर तिच्या वडिलांनी घालून घेतलेलं. तांदळाचा भात झाला असेल कधीच. ठिपके अजून बोटाला लागतात.

आपणच मागासलेले, असं मात्र समजू नकोस. ग्रीसमध्येही लग्नानंतर बाईचं माहेरचं आडनाव कायद्यानं तसंच राहतं ते १९८३ पासून. पोपीच्या आजीचं लग्न त्याआधीचं, तिला विचार. आणि 'सुशीला' हे नाव मला आवडतं, गं. माझ्या आईचं नाव तेच आहे. ते लादलेलं होतं असं म्हणताना माझी जीभ अडखळते, आणि नव्हतं असंही म्हणवत नाही. आजीनं कधी तक्रार केली नाही. पण आम्ही तरी कुठे विचारलं?

आमच्या लग्नातही ताट आलं. तुझी आई म्हणाली, माझं आहे तेच लिही. भटजी माझ्याकडे बघायला लागले, मी आजोबांकडे. तेवढ्यात मागून आजी म्हणाली, "तेच लिही रे, किती वेळ लावतोस." मी लिहिलं. तेव्हा वाटलं, तिला पंगतीची घाई झाली असेल.

तुला वाटलं तर रविवारी फोनवर तूच विचार. नको वाटलं तर राहू दे, माझा आग्रह नाही. फक्त एक, नंदूमामा गेल्यापासून तिला 'यमे' म्हणून कुणी हाक मारलेली नाही.

तुझा,
बाबा